मध्यरात्री जग बुडणार होतं

‘ल ग्रां माकाब्र’ या ऑपेराची सुरुवात मोटारीच्या भोंग्यांनी होते. बारा भोंगे, सगळे निरनिराळ्या सुरांचे, रबरी फुगा दाबला की केकाटणारे. व्हायोलिनं गप्प असतात, गायक अजून दिसत नाहीत, आणि तालवादक समोरच्या कागदावर नजर रोखून, मात्रा मोजत, भोंगे दाबत असतात. पहिल्या काही ‘पों-पों’ला सभागृहात हशा पिकतो. मग तो ओसरतो, कारण कानाच्या लक्षात येतं की हा गोंगाट नाही, ही बांधलेली रचना आहे. एक भोंगा हाक देतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा मध्येच घुसतो. १६०७ मध्ये इटालियन संगीतकार माँतेव्हेर्दीनं आपल्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेराच्या आरंभी तुताऱ्यांची ललकारी घातली होती. तिचीच ही नक्कल आहे. इथं ललकारी भोंग्यांची, कारण इथलं राज्यच तसं आहे.

ग्यॉर्ज लिगेती या हंगेरियन संगीतकाराचा ‘ल ग्रां माकाब्र’ मी ऐकला तो न्यूयॉर्कमध्ये, २०१० च्या मे महिन्याच्या अखेरीस, लिंकन सेंटरच्या तेव्हाच्या एव्हरी फिशर हॉलमध्ये. वाद्यवृंद न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, संचालन अ‍ॅलन गिल्बर्ट यांचं. संगीत दिग्दर्शक म्हणून त्यांचा तिथला पहिलाच हंगाम. स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात १२ एप्रिल १९७८ ला हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. न्यूयॉर्ककरांच्या कानावर तो पडायला बत्तीस वर्षं लागली, आणि तेही ऑपेरागृहात नाही, मैफलीच्या सभागृहात.

नाट्यपदांच्या मैफली ऐकत वाढलेल्या माणसाला नाटकाबाहेर काढलेलं नाटकाचं गाणं नवं नसतं. पण तिथं आपण पदं ऐकतो. इथं अख्खं नाटक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गायलं जातं, फक्त नेपथ्याचा पसारा नसतो. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे वाद्यवृंद दिसतो. ऑपेरागृहात तो रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेला असतो. आवाज वर येतो, माणसं खालीच राहतात. मैफलीत ती सगळी माणसं आपल्यासमोर असतात. न्यूयॉर्कचा प्रयोग अगदी कोरडी मैफल नव्हता. डग फिच यांच्या ‘जायंट्स आर स्मॉल’ या मंडळीनं छोट्या छोट्या प्रतिकृती आणि बाहुल्या तिथंच कॅमेऱ्यासमोर हलवून त्यांची चित्रं पडद्यावर टाकली होती. पण तेही सगळं आमच्या देखत. हात दिसत होते, कॅमेरे दिसत होते, आणि पडद्यावर त्याच क्षणी जगबुडी आकार घेत होती. लपवलेलं काहीच नव्हतं.

आणि सगळं उघड असूनही भीती वाटली. त्या भीतीबद्दलच मला लिहायचं आहे.

कथा थोडक्यात सांगतो. बेल्जियन नाटककार मिशेल द गेल्डेरोद यांचं १९३४ चं फ्रेंच नाटक हा तिचा आधार. ऑपेराची संहिता स्वतः लिगेती आणि स्टॉकहोमच्या बाहुलीनाट्याचे प्रमुख मिखाएल मेश्के यांनी मिळून लिहिली. देशाचं नाव ब्रॉयगेललँड. सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रॉयगेल याच्या चित्रांतून उचललेला हा देश आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचं ‘मृत्यूचा विजय’ हे चित्र आहे, त्यात सांगाड्यांची फौज माणसांवर चालून येते. म्युनिकमध्ये दुसरं आहे, त्यात खाऊन-पिऊन तट्ट झालेली माणसं झाडाखाली उताणी पडली आहेत. ही दोन्ही चित्रं एकाच भूगोलातली आहेत असं धरून चाला, म्हणजे ब्रॉयगेललँडचा नकाशा तयार होतो.

तिथल्या स्मशानात पीट नावाचा दारुडा झिंगून गातोय. अमांडा आणि अमांडो हे प्रेमी एकमेकांत गुरफटलेले, एकांत शोधताहेत. एवढ्यात एका थडग्यातून नेक्रोत्सार बाहेर येतो आणि जाहीर करतो: मी मृत्यू आहे, आज मध्यरात्री धूमकेतू येऊन आदळेल आणि जग संपेल. तो पीटलाच घोडा करतो, त्याच्या पाठीवर बसतो आणि राजधानीकडे निघतो. प्रेमी युगुल रिकाम्या झालेल्या थडग्यात शिरतं. पुढच्या प्रसंगात राजज्योतिषी आस्त्रादामोर्स आणि त्याला चाबकानं फोडून काढणारी त्याची बायको मेस्कालिना. नेक्रोत्सार तिचा जीव घेतो, आणि सुटलेला नवरा आनंदानं या मिरवणुकीत सामील होतो. तिसऱ्या प्रसंगात राजा येतो. प्रिन्स गो-गो हा बाळसेदार, खादाड पोरगा, आणि त्याला नाचवणारे पांढऱ्या नि काळ्या पक्षाचे दोन मंत्री. ते एकमेकांना वर्णमालेच्या क्रमानं शिव्या देतात, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. मग गुप्त पोलिसांचा प्रमुख गेपोपो धावत येतो. मग लोक घाबरून राजवाड्याशी गोळा होतात. मग नेक्रोत्सार येतो. आणि जगाचा शेवट करायला आलेल्या या महापुरुषाला पीट आणि आस्त्रादामोर्स एवढी दारू पाजतात की मध्यरात्रीचे ठोके पडताना त्याला धड उभंही राहता येत नाही.

चौथ्या प्रसंगात सगळे स्वतःला मेलेले समजत असतात. पीट आणि आस्त्रादामोर्सना वाटतं आपण आता तरंगणारी भुतं आहोत. गो-गोला वाटतं, आपण तेवढे उरलो. हळूहळू एकेक जण दिसू लागतो. मेस्कालिनासुद्धा उठते. तहान लागते, म्हणजे जिवंत आहोत. हे सगळं पाहून नेक्रोत्सार खचतो, आक्रसत आक्रसत जातो आणि नाहीसा होतो. थडग्यातून अमांडा आणि अमांडो बाहेर येतात. काय घडून गेलं याचा त्यांना पत्ताच नाही.

ऐकायला हा निव्वळ फार्स वाटतो. तो फार्सच आहे. पण फार्स रचणाऱ्याचं आयुष्य माहीत झालं की त्यातल्या प्रत्येक उडीखाली काय आहे ते दिसायला लागतं.

लिगेती १९२३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका गावात, हंगेरियन बोलणाऱ्या ज्यू घरात जन्मला. १९४४ मध्ये त्याला सक्तीच्या मजुरीवर धाडलं, स्फोटकं वाहायच्या कामावर. वडील बेर्गेन-बेल्झेनच्या नाझी छळछावणीत मरण पावले. धाकटा भाऊ गाबोर माउटहाउझेनच्या छावणीत मरण पावला, तेव्हा तो विशीतही नव्हता. आई डॉक्टर होती. ती आउशविट्झमधून जिवंत परतली. त्यानंतर बुडापेस्ट, संगीत अकादमीत शिक्षण, तिथंच हार्मनी शिकवण्याची नोकरी, आणि आता स्टालिनच्या छायेतली राजवट. सुचेल ते लिहून कपाटात ठेवायचं. १९५६ मध्ये त्याच्या पाच वाद्यांसाठीच्या सहा छोट्या रचना वाजल्या, पण पाचच. सहावीत कर्कश स्वरांतरं जास्त म्हणून ती गाळावी लागली. त्याच वर्षी उठाव झाला, रशियन रणगाडे आले, आणि डिसेंबरमध्ये लिगेती सीमा ओलांडून व्हिएन्नाला निसटला.

म्हणजे तिशी ओलांडेपर्यंत या माणसानं दोन वेळा पाहिलं होतं, की सर्वांच्या मरणाची तारीख आपल्या खिशात आहे असं सांगणारे लोक राज्यावर येतात तेव्हा काय होतं. तो नेक्रोत्सारला ओळखत होता.

मला नेहमी वाटतं, याच्याएवढा हक्क क्वचितच कुणाला असेल, गंभीर शोकांतिका लिहिण्याचा. त्यानं मृतांसाठी ‘रेक्विएम’ लिहिलंही, १९६५ मध्ये पुरं झालेलं. त्यातला आवाजांचा काळाकभिन्न लोट स्टॅन्ली कुब्रिकनं आपल्या १९६८ च्या अंतराळपटात वापरल्यामुळे जगभर पोचला, तोही संगीतकाराला न विचारता. पण ऑपेराची वेळ आली तेव्हा त्यानं भोंगे घेतले. स्टॉकहोम ऑपेराचे प्रमुख गोरान येन्टेले यांनी साठच्या दशकातच त्याच्याकडे ऑपेरा मागितला होता. आधी ईडिपसची कथा घ्यायचं चाललं होतं. १९७२ मध्ये येन्टेले मोटार अपघातात गेले आणि ते बारगळलं. मग गेल्डेरोदचं नाटक समोर आलं. त्या काळी युरोपात ऑपेराच्या सगळ्या संकेतांची मोडतोड करणारे ‘प्रति-ऑपेरा’ निघत होते. लिगेतीनं आपल्या कामाला ‘प्रति-प्रति-ऑपेरा’ म्हटलं. मोडतोडीचीही मोडतोड केली की पुन्हा ऑपेराच हाती लागतो, असा त्याचा हिशेब. आणि खरंच, यात युगुलगीत आहे, वेडाचं गाणं आहे, मिरवणूक आहे, समूहगान आहे. सगळं जुनं सामान आहे, फक्त जळून गेलेल्या घरातून बाहेर काढलेलं.

आता मैफलीकडे येतो, कारण जे मला सांगायचं आहे ते तिथं डोळ्यांना दिसलं.

वाद्यवृंदाची मांडणीच आधी पाहण्यासारखी. एरवी व्हायोलिनच्या दोन भल्या मोठ्या फळ्या असतात. लिगेतीनं फक्त तीन व्हायोलिन ठेवली आहेत, दोन व्हिओला, सहा चेलो, चार डबल बास. वरचा उजेड काढून घेतला, खालचा अंधार ठेवला. आणि त्या जागी तालवाद्यांचा बाजार: सायरन, शिट्ट्या, गजराचं मोठं घड्याळ, कागदी पिशव्या, सॅंडपेपर, काचसामानानं भरलेली ट्रे, भांडी, पिस्तूल. शिवाय दाराच्या विजेच्या घंटा, आणि माउथ ऑर्गनसुद्धा.

ध्वनिमुद्रण ऐकताना या गोष्टी नुसत्या गमती वाटतात. सभागृहात वेगळंच दिसतं. तालवादक कागदी पिशवी हातात घेऊन उभा आहे. तो फुगवत नाही, थांबला आहे. संचालकाकडे पाहतोय, ओठांनी मात्रा मोजतोय. ज्या क्षणी इशारा येतो त्या क्षणी, केसभरही मागेपुढे न होता, आवाज. मग पिशवी खाली, पुढचं पान, पुढचं हत्यार. त्याच्या चेहऱ्यावर हसू नाही, ‘बघा कशी गंमत केली’ असा भाव नाही. आयुष्यभर रियाज केलेली माणसं बेशिस्त, दारुडं, घाबरलेलं, विस्कटलेलं जग काटेकोरपणे उभं करत होती. आम्ही हसत होतो आणि ती हसत नव्हती. त्या दोहोंच्या मधल्या जागेत मला पहिल्यांदा थंडी वाजली. कारण जगबुडी जाहीर करणारे जे खरे लोक होते, तेही असेच काटेकोर होते. याद्या, शिक्के, वेळापत्रकं. फरक एवढाच की इथं त्याच शिस्तीतून कुणी मरत नव्हतं.

गेपोपोचा प्रवेश हा या संध्याकाळचा कळस होता. पोलिसप्रमुखाची ही भूमिका लिगेतीनं स्त्रीच्या सर्वांत चढ्या आवाजासाठी लिहिली आहे, आणि ती गात होत्या बार्बरा हॅनिगन. धूमकेतू येतोय ही बातमी राजाला द्यायची आहे. पण बातमी एवढी गुप्त, आणि सांगणारा एवढा घाबरलेला, की शब्दच फुटत नाहीत. अक्षरं तुटतात, सांकेतिक खुणा, कुजबुज, चीत्कार, मग एकदम आकाशाला भिडणारी तान, मग पुन्हा तोतरेपणा. गाण्याच्या दृष्टीनं हे विलक्षण अवघड आहे. सूर एका टोकावरून दुसऱ्या टोकावर फेकले जातात आणि प्रत्येक सूर नेमका लागावा लागतो. हॅनिगन यांनी ते अंगात भिनवून घेतलं होतं. खांदे, मनगटं, डोळे, सगळं त्या तोतरेपणात सामील होतं. लोक हसून हसून बेजार झाले.

मी हसता हसता थांबलो. दुसऱ्यांच्या बोलण्यावर पाळत ठेवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचीच वाणी गेली आहे. लिगेतीनं बुडापेस्टमध्ये गुप्त पोलिसांचा अंमल सोसला होता. कोण काय बोललं हे कुणापर्यंत जाईल याची खात्री नसलेलं शहर. त्या यंत्रणेवर सूड घ्यायचा तर तिला दुष्ट दाखवता आलं असतं. त्यानं तिला भेदरलेलं दाखवलं. आणि मग, यातच त्याचं मोठेपण, त्या भेदरलेल्या प्राण्याला आपलं सगळ्यात सुंदर, सगळ्यात चमकदार संगीत देऊन टाकलं. ते आता ‘मिस्टरीज ऑफ द माकाब्र’ या नावानं स्वतंत्र वाजतं. स्टॉकहोमच्या पहिल्या प्रयोगाचे संचालक एल्गर हॉवर्थ यांनी ते जुळवून दिलं. पण ज्यांना पूर्ण ऑपेरा ऐकायला मिळेल त्यांनी ते त्याच्या जागीच ऐकावं. स्वतंत्रपणे ती एक करामत होते. जागेवर ती भीतीची तंतोतंत नोंद आहे.

त्यानंतर नेक्रोत्सारची मिरवणूक. इथं लिगेतीनं जे केलंय ते मी पुन:पुन्हा ऐकत आलो आहे. खालून चेलो आणि बास एक ठेका धरतात, लंगडत, अडखळत. तो बेटोव्हेनच्या ‘एरोइका’ सिम्फनीच्या शेवटच्या भागातून घेतलाय. लय ओळखीची, सूर मुरगळलेले. ‘एरोइका’ ही वीरनायकाची सिम्फनी. इथं तोच ठेका मृत्यूच्या नावानं येणाऱ्या स्वारीपुढे चालतो. वर एकेक करून चार वादक येतात. मुद्दाम बिघडवून लावलेलं व्हायोलिन नाचाची धून वाजवतं, बासून चर्चमधलं स्तोत्र आळवतो, छोटा क्लॅरिनेट तिसरंच काही, आणि पिकोलो एक कूच. प्रत्येक जण आपापल्या लयीत. लग्नाच्या मोसमात एकाच रस्त्यावर चार वरातींचे बँड एकमेकांना ओलांडून जाताना जे ऐकू येतं, तसं. सुरुवातीला मौज वाटते. पण खालचा तो ठेका थांबत नाही. वर गर्दी वाढत जाते, प्रत्येकाचं खरं असतं आणि कुणालाच कुणाचं ऐकू येत नसतं, आणि खालून काहीतरी एकाच दिशेनं चालत येतंय. मिरवणूक म्हणजे उत्सव असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. मिरवणुकीची भीती वाटू शकते हे मी या संगीतामुळे मान्य केलं.

नेक्रोत्सार गात होते एरिक ओवेन्स. घनगंभीर, खालचा आवाज. आणि तो आवाजच माझी अडचण झाला. संहिता सांगते की हा फुशारक्या मारणारा इसम असू शकतो. पण आवाज सांगत होता, विश्वास ठेव. इतक्या भारदस्त स्वरात कुणी ‘मध्यरात्री तुम्ही सगळे मरणार’ म्हटलं, की बुद्धी मागे बसते आणि शरीर आधी ऐकतं.

हे शरीरानं आधी ऐकणं मी लहानपणी पाहिलेलं आहे. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार होती. अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा कक्षेतून घसरत होती आणि ती कुठं कोसळेल हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. कोकणातल्या आमच्या गावात रेडिओच्या बातम्या संपल्या की दुसऱ्या बातम्या सुरू व्हायच्या, आणि त्यांत ती हमखास आमच्याच डोंगरावर पडायची. कुणी पाळलेली कोंबडी कापून खाल्ली, म्हणाले, ठेवून करायचंय काय. कुणी वाण्याची उधारी द्यायचं थांबवलं. आणि वाणीही मागेनासा झाला, हे मला आजही आठवतं. आजी मात्र शांत होती. ती म्हणायची, “अरे, बासष्टात अष्टग्रही झाली तेव्हाही जग बुडणारच होतं. मकर राशीत आठ ग्रह आले होते. यज्ञ झाले, जप झाले. दुसऱ्या दिवशी गाईला चारा घालावाच लागला.” तरी त्या रात्री तिनं आम्हा सगळ्या नातवंडांना माजघरात आपल्याजवळ निजवलं. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखरून पडली. सकाळी माणसं अंगणात आली तेव्हा एकमेकांकडे जरा ओशाळून बघत होती, आणि कुणीतरी हसायला लागलं, आणि मग ते हसू आळीभर पसरलं.

एव्हरी फिशर हॉलमध्ये चौथा प्रसंग सुरू झाला आणि ते अंगण समोर आलं. जग संपल्यानंतरची सकाळ लिगेतीनं फार हळुवार लिहिली आहे. तंतुवाद्यांचे अतितार, जवळजवळ नुसता श्वास असलेले स्वर. आतापर्यंतचा सगळा कोलाहल पुसला जातो. दोन दारुडे तरंगताहेत आणि त्यांना खरंच वाटतंय आपण मेलो. इतकं कोमल संगीत या दोघांना का दिलं असेल? मला वाटतं, कारण लिगेतीला ही सकाळ माहीत होती. आपण जिवंत उरलो आहोत, हे कळायला वेळ लागतो. आणि कोण कोण उरलं नाही, हे त्याहून उशिरा कळतं. ऑपेरात मात्र सगळे उठतात. मेलेली मेस्कालिना उठते, मंत्री उठतात. ज्याच्या घरातले उठले नाहीत त्यानं आपल्या नाटकात सगळ्यांना उठवलं. हे मला तिथं, त्या खुर्चीत बसल्या बसल्या उमगलं, आणि पुढची काही मिनिटं मी रंगमंचाकडे नीट पाहू शकलो नाही.

शेवट एका पासाकालियानं होतो, म्हणजे खाली तीच स्वरावली फिरत राहते आणि वर नक्षी बदलते. इथं स्वरांतरं गोड आहेत, आपल्या भाषेत सा-ग, सा-ध अशी कानाला सुखावणारी जोडी. पण त्या जोड्या एकामागून एक अशा क्रमानं येतात की कुठल्याच ओळखीच्या घरी नेऊन सोडत नाहीत. सगळे मिळून सांगतात: मरणाला भिऊ नका, ते कधीतरी येईलच, तोवर आनंदात राहा. शब्दांत समाधान आहे. सुरांत ते पूर्ण नाही. दोन्ही एकाच वेळी ऐकावं लागतं.

१९९६ मध्ये लिगेतीनं या कामाची सुधारलेली आवृत्ती केली. बोलण्याचे भाग कमी केले, बांधणी घट्ट केली. १९९७ च्या उन्हाळ्यात साल्झबुर्ग महोत्सवात ती सादर झाली. संचालन एसा-पेक्का सालोनेन यांचं, दिग्दर्शन पीटर सेलर्स यांचं. सेलर्स यांनी अणुसंहाराच्या, चेर्नोबिलच्या सावलीतलं जग उभं केलं. लिगेतीला ते अजिबात पसंत पडलं नाही, आणि त्यानं तसं जाहीरपणे सांगितलं. सेलर्स यांची तळमळ खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण मी लिगेतीच्या बाजूचा आहे. धूमकेतूच्या जागी किरणोत्सार आणला की प्रश्न सुटून जातो. मग संकट खरं आणि आपण त्याला बळी. मूळ कामात तो प्रश्न उघडाच ठेवलाय: हा खरा मृत्यू होता की तोतया? खऱ्यालाच दारू चढली, की खोट्याचं सोंग उतरलं? मंचन करणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागतं. कपडे कुठले, रक्त खरं की रंग. मैफलीत ठरवावं लागत नाही, किंवा फार कमी ठरवावं लागतं. गायक गातो, वाद्यवृंद वाजवतो, आणि प्रश्न ऐकणाऱ्याच्या मांडीवर येऊन बसतो. म्हणून हा ऑपेरा मैफलीतच जास्त खरा उतरतो असं माझं मत आहे. ऑपेराप्रेमी मित्रांना ते पटत नाही.

त्या रात्री माझ्याबरोबर एक मैत्रीण होती, न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणारी. बाहेर आल्यावर कारंज्यापाशी आम्ही उभे राहिलो आणि वाद सुरू झाला. मी म्हणालो, तो तोतया होता. मरण खरं आहे, पण मरणाचा मुखत्यार म्हणून मिरवणारा प्रत्येक जण खोटा असतो. लोक भीत होते तोवर तो होता. त्यांना तहान लागली आणि तो संपला. लिगेतीच्या बापाला, भावाला मृत्यूनं नेलं नाही, मृत्यूच्या नावानं आलेल्या माणसांनी नेलं. हा ऑपेरा त्या माणसांबद्दल आहे.

ती म्हणाली, “नाही रे. तोतया असता तर पकडला गेल्यावर पळाला असता, हातापाया पडला असता. हा आक्रसत गेला. जिवंत माणसं बघून त्याला दुःख झालं. मी रोज बघते, कधी कधी तो येतो, दारात उभा राहतो आणि परत जातो. का गेला ते कुणालाच सांगता येत नाही, आम्हालाही नाही. आम्ही काही केलेलं असतं, पण तेवढ्यानं तो जायला नको होता. तो खराच होता. त्या रात्री त्याला जमलं नाही, एवढंच.”

मी म्हणालो, मग उद्या पुन्हा येईल.

“येईलच ना. म्हणून तर शेवटी सगळे ते गातात.”

ट्रेनमध्ये ती सीकॉकसपर्यंत हेच बोलत होती आणि मी तिचं म्हणणं खोडत होतो. आता ध्वनिमुद्रण लावलं की मी नेक्रोत्सारच्या शेवटच्या ओळींपाशी थांबतो आणि तिच्या बाजूनं ऐकून पाहतो. आवाज क्षीण होत जातो, तालवाद्यं एकेक करून गळतात. त्यात मला कधी उघडा पडलेला ठग ऐकू येतो, आणि कधी, विशेषतः घरात कुणी आजारी असेल तेव्हा, दारातून परत निघालेला कुणीतरी. माझं मत अजून तेच आहे. पण तिचं चूक आहे असं आता मी म्हणत नाही.